बिनधोक प्रतिमा कशी वापरावी

होतकरू लेखकाने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की प्रतिमा सुचण्यासाठी काहीही पाहण्याची गरज नसते. पाहण्यात वेळ जातो, आणि दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच मजकूर मागू लागतात. शिवाय तयार माल मुबलक आहे. पहिला पाऊस पडला की मातीचा गंध दरवळतो. कथा दादर स्थानकाबाहेरच्या काँक्रीटवर घडत असली तरी गंध दरवळलाच पाहिजे. आजीच्या सुरकुत्यांत अनुभव साठलेला असतो (आजोबांच्या सुरकुत्यांत तो का साठत नाही, याचा उलगडा अजून झालेला नाही). संध्याकाळ कातर असते, शांतता जीवघेणी असते आणि बापाचे डोळे फार तर पाणावतात. या मालाचा मोठा गुण म्हणजे तो वाचकाला अडवत नाही. मातीचा गंध वाचताना कोणाच्याही नाकाला काही जाणवत नाही. नजर घसरून पुढच्या ओळीवर जाते. जाडजूड अंक फराळ संपायच्या आत वाचून व्हायचा, तर वाचकाला दर ओळीला थांबवून कसे चालेल?

हा सल्ला आळशीपणाचा आहे, असे कोणी म्हणेल. पण त्याला शास्त्राधार आहे. हजारएक वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत 'कविसमय' म्हणून विषय येतो: जगात नसलेल्या कोणत्या गोष्टी कवीने खुशाल सांगाव्यात आणि असलेल्या कोणत्या सांगू नयेत, याची ती नियमावलीच आहे. नदी दिसली की तीत कमळे फुलवावीत. कुठल्याही पाण्यावर हंस उतरवावेत. चंदनाला फुले-फळे येतात, पण कवितेत येऊ देऊ नयेत. मोती ताम्रपर्णीतच सापडावेत, मगरी समुद्रातच असाव्यात, कीर्ती पांढरी असावी. चकोराने चांदण्यावर जगावे, हाही असाच संकेत. पक्षीनिरीक्षकांना विचाराल तर ते सांगतील, की चकोर हा तितराच्या कुळातला, हिमालयाच्या कोरड्या उतारांवर राहून बिया-किडे टिपणारा पक्षी आहे. पण पक्षीनिरीक्षकांकडे कोणी कथा मागत नाही. दुसऱ्या कवींचे शब्द आणि कल्पना कशा उचलाव्यात, याचेही प्रकार राजशेखराने त्याच ग्रंथात लावून दिले आहेत, म्हणजे नवख्याची सगळी सोय झाली. मात्र त्याने एक अडचणीची गोष्टही नोंदवली आहे. जुन्या जाणत्यांनी देशोदेशी फिरून जे पाहिले आणि लिहिले, तेच देश-काल बदलल्यावरही कवींनी धरून ठेवले, असे या संकेतांचे त्याने केलेले समर्थन आहे. म्हणजे शिळ्या प्रतिमेच्या मुळाशीही कोणीतरी एकदा डोळे उघडले होते. हे विद्यार्थ्यांच्या कानावर जाऊ देऊ नये.

कारण पाहण्याची खोड असलेले लेखक मराठीत होऊन गेले आहेत, आणि त्यांनी नवख्यांची पंचाईत करून ठेवली आहे. ज्ञानेश्वरी 1290 सालची. माणूस स्वतःच्याच भ्रमाने अडकतो, एवढे सांगायला 'मोहपाश' पुरला असता. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात पोपट धरायची नळी आणली: पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने ती फिरते, आणि सोडून उडून जायचे तर तो तीच अधिक घट्ट आवळून धरतो. कोणी बांधलेले नाही, तरी पकडला गेला. इथे दृष्टान्त कुठे संपतो आणि सिद्धान्त कुठे सुरू होतो, ते दाखवता येत नाही. नळी काढून घेतली तर विचारच उरत नाही. बहिणाबाई चौधरींचेही तेच. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली. मन चंचल असते, एवढेच म्हणायचे तर माकड हाताशी होते. त्यांनी उभ्या पिकात शिरलेले ढोर आणले, कितीही हाकलले तरी परत तिथेच येणारे. त्यामुळे मन नुसते पळते असे राहत नाही. जिथे खायला मिळते तिकडेच ते वळते, हे कळते. हाकलणारा दमतो, हे कळते. पीकही आपलेच आणि ढोरही आपलेच, हे तर न सांगता कळते. माकडाने यातले एकही काम झाले नसते. अशा प्रतिमा वापरायच्या तर आधी कोणाचे तरी काम नीट पाहावे लागते, शिकारी पोपट कसा धरतो, गुरे कशी वळतात. विशेषणे मात्र घरबसल्या मिळतात.

यावर शहरी लेखक म्हणेल, की आमच्याकडे ना नळी ना ढोर, तेव्हा आम्ही तयार माल वापरला तर बिघडले काय? आक्षेप आमच्या सोयीचा आहे, पण टिकत नाही. मर्ढेकरांना मुंबईत पिपात मरून पडलेले उंदीर पुरले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह 1972 साली आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले अनेक शब्द अनोळखी होते, आणि त्या शब्दांचे जग त्याच मुंबईत होते. शहर अपुरे पडत नाही, हे मान्य करावे लागते. धोका मात्र दाखवून द्यावा: मर्ढेकरांच्या 'काही कविता' या 1947 च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले ही गोष्ट वेगळी. मातीच्या गंधासाठी कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागल्याचे ऐकिवात नाही.

याहून अवघड प्रश्न ज्ञानेश्वरी वाचलेला विचारील: चकोर तर ज्ञानेश्वरांनीही वापरला! वापरला, पहिल्याच अध्यायात. पण नीट पाहा. तिथे शरदातल्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्ले हळुवार मनाने वेचतात, आणि श्रोत्यांनी कथा तशी ऐकावी, असे म्हटले आहे. पिणे नाही, वेचणे आहे. थोराड पक्षी नाही, पिल्ले आहेत. इतक्या लहान चोचीत एका वेळी कितीसे मावणार, हे लक्षात आले की ऐकण्याचा वेग आपोआप कमी होतो. संकेत जुना असूनही प्रतिमा जागी झाली, ती त्या चोचीमुळे. म्हणून नवख्याने चकोर जरूर वापरावा, फक्त त्याला चोच असते हे विसरून जावे.

वापरून वापरून माल हास्यास्पद होतो, हाही आक्षेप घेतला जातो. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये समकालीन कवींच्या लकबींची यथेच्छ टर उडवली, हे खरे. पण टर उडायला लकब आधी सर्वतोमुखी व्हावी लागते, आणि होतकरू लेखकाला आणखी काय हवे असते?

इतकी काळजी घेऊनही कधी चुकून एखादी नेमकी गोष्ट उतरते. समजा, सासरे गेल्यावर सुनेने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबात एक लिटरऐवजी पाऊण लिटर लिहिले, असे वाक्य हातून गेले. घाबरू नये. त्याला लागून लगेच लिहावे: 'जणू त्या घरातली पाव लिटर मायाच आटली होती.' तरीही कोणाला ते पाऊण लिटर दिसेल अशी धाकधूक वाटली, तर नियतीला खदाखदा हसवावे, घड्याळाची टिकटिक वाढवावी, आणि मजकूर त्याच दिवशी पाठवून द्यावा.