मामा आणि काळा पडदा

चंदगडला मामांच्या घरी कॉम्प्युटर चालू केला की आधी काळा पडदा आणि पांढरी अक्षरं येतात. पाहुणा हमखास म्हणतो, "बिघडला वाटतं." मामा याच वाक्यासाठी टपलेले असतात. "बिघडतोय कशाला? आपण बोलावल्याशिवाय चित्र यायचं न्हाई, एवढंच." मग चष्मा पुसून नाव, पासवर्ड आणि शेवटी एका बोटाने 'स्टार्टएक्स'. एंटर मात्र देवळातली घंटा बडवावी तसं.

मामांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. ते थेट चित्रात उठवायचं की नुसत्या अक्षरांत, हे आपल्या हातात असतं. पूर्वी रेड हॅटमध्ये एका फाइलीत पाचाचे तीन केले की भागायचं. आता सगळं सुरू करून देणाऱ्या सिस्टिमडीला 'ग्राफिकल टार्गेट' ऐवजी 'मल्टी-यूजर टार्गेट' सांगावं लागतं. मामा अजून म्हणतात, "पाचावरनं तिनावर आणलाय." मामी आतून, "तेवढी साखर आणा खाली."

चित्र आल्यावर काय काय उघडायचं, ते 'एक्सइनिटआरसी' नावाच्या लपलेल्या फाइलीत असतं. मामा ती दर पावसाळ्यात नव्याने लिहितात. चंदगडच्या पावसात माणसाने दुसरं करायचं तरी काय! फरक त्यांचा त्यांनाच दिसतो. हे चित्र दाखवणाऱ्या 'एक्स'ची अकरावी आवृत्ती १९८७ची, अजून तीच चालते, हे ते घरातल्या कर्तृत्वासारखं सांगतात. 'एक्स'च्या जागी आलेल्या वेलँडचा विषय काढला तर चहा मिळत नाही.

एकदा शेजारचा काजूवाल्यांचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. पासवर्ड टाकला की पडदा लुकलुकून पुन्हा पासवर्डच मागायचा. मामा खुलले. कंट्रोल-ऑल्ट-एफ-थ्री, काळा पडदा, फाइलींची यादी. "हे बघ, एक्सऑथॉरिटी फाइलीची मालकी रूटकडे गेलीय. सुडो लावून स्टार्टएक्स चालवलंस. कुठल्या शहाण्यानं शिकवलं?"

"तुम्हीच की, काका."

मामांनी गुपचूप मालकी बदलून दिली.

गंमत म्हणजे चित्र आलं की मामांचा त्यातला रस संपतो. "बघा आता काय बघायचं ते," म्हणून उठतात. मी एकदा सुचवलं, प्रोफाइल फाइलीत एक ओळ टाकली तर लॉगिन होताच चित्र येईल. "ठाऊक हाय," म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी तुटक बोलले.

परवा बाजारातून आले तर पडद्यावर पुण्याची नात हसतेय आणि मामी समोर बसून गप्पा मारतायत.

"हे कुणी चालू केलं?"

"आपोआप आलं," मामी म्हणाल्या.

त्या रात्री मामा न जेवता सगळ्या फाइली तपासत बसले होते.