वाळूला बोले, चेंडूला लागे

निवृत्तीनंतर काहीतरी छंद हवा म्हणून मी गोल्फ लावून घेतला. गावोगाव थांबणाऱ्या लाल एसटीसारखा माझा चेंडू प्रत्येक होलला जाताना वाटेतल्या बंकरमध्ये उतरतोच. बंकर म्हणजे हिरवळीत मुद्दाम खणलेला वाळूचा खड्डा. पुण्यात खड्डे फुकट मिळतात. इथे त्यांची वर्गणी भरावी लागते.

पहिल्यांदा आत उतरलो तेव्हा चेंडूवर नेम धरून सगळी ताकद लावली. चेंडू सुसाट सुटला, समोरच्या भिंतीवर आपटला आणि माझ्याच बुटाशी येऊन बसला. पुढच्या वेळी क्लब, म्हणजे हातातली काठी, असा रुतला की उपसायला दोन्ही हात लागले. सातव्या फटक्यानंतर चेंडू आतच होता. कॉलरमध्ये, खिशात आणि दातांत मिळून पाव किलो वाळू मात्र बाहेर निघाली होती.

2019 पासून नियमांत एक सोय आहे : दोन फटक्यांचा दंड भरा आणि चेंडू बंकरबाहेर ठेवून खेळा. पण मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर लोकांकडून दंड वसूल केला, स्वतः भरायचा म्हटलं की हात थरथरतो.

मग मी इतिहासात दिलासा शोधला. 1978 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलला जपानच्या नाकाजिमाचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचला होता. तिथून हलकेच ढकललेला चेंडू घरंगळत बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके लागले आणि चार फटक्यांचं होल नऊवर गेलं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

शेवटी आमच्या कॅडीला दया आली. मला सरावाच्या बंकरमध्ये नेऊन त्याने माझा चेंडू उचलून खिशात टाकला.

"आता मारा, साहेब."

"काय मारू?"

"वाळू."

त्याने बोटाने एक रेघ ओढली. "चेंडू हिच्यापुढं दोन इंचांवर आहे असं समजा. पाय जरा रुतवा, क्लबचं तोंड आभाळाकडं करा आणि रेघेवर मारा. मारून थांबू नका. वाळूच चेंडूला बाहेर नेती."

हातातला सँड वेजही तेच सांगत होता. या क्लबला खालून पोट असतं. ते वाळूवरून सरकतं, म्हणून क्लब रुतत नाही. जीन साराझेनने विमानाच्या शेपटीवरून ही युक्ती उचलली, क्लबच्या बुडाला धातू डागून पोट वाढवलं आणि 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. सुटलेल्या पोटाचा असा गौरव दुसऱ्या कुठल्या खेळात नाही.

रेघेवर मारलं. वाळूचा पडदा उडाला. मग कॅडीने चेंडू ठेवला, मी त्याच्याकडे न बघता मागे मारलं आणि तो अलगद उडून ग्रीनवर जाऊन बसला. क्लब त्याला शिवलाही नव्हता!

तेव्हा लख्ख आठवली ती आई. मंडईत जायला तिने मला कधीच सांगितलं नाही. मी ऐकेन अशा बेताने ती बायकोला म्हणायची, "त्याला नको गं सांगूस, दमून आला असेल." पाचव्या मिनिटाला मी पिशवी घेऊन जिन्यात असे. लेकी बोले सुने लागे, ही म्हण म्हणजे निव्वळ बंकर शॉट आहे. आई मागे दोन इंच वाळूत मारायची आणि मी उडून मंडईत पडायचो.

त्या संध्याकाळी बायकोला ही सगळी थिअरी हातवारे करून समजावली. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास नातवाला जवळ घेतलं आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "आजीला चहाचं नको हं सांगूस, दमली असेल."

आतून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग शांतपणे उत्तर आलं, "अहो, वाळू कमी घेतलीत. सरळ चेंडूवरच बसला."