सिंबाचे बाबा

गृहनिर्माण सोसायटीत काही माणसांना स्वतःचं नाव उरत नाही. मेंटेनन्सच्या पावतीवर ते असतं तेवढंच. एरवी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि वॉचमनच्या तोंडी ते ‘सिंबाचे बाबा’ असतात. सिंबा हा लॅब्राडॉर. नाव सिंहाचं, पण पडद्यावर खरा सिंह आला की हा सोफ्याच्या मागून, फक्त नाक बाहेर ठेवून, इमारत हादरेल असा भुंकतो. ‘अहो, काय सांगू, टीव्ही म्हणून लावता येत नाही,’ असं बाबा भेटेल त्याला सांगतात. या तक्रारीचा सूर नीट ऐकावा. दहावीला पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलाची आई ‘पुस्तक म्हणून हातात धरत नाही हो’ असं म्हणते, तोच हा सूर. पाहुणे आले की चहाच्या आधी रिमोट शोधला जातो, प्राण्यांचं चॅनल लागतं आणि ‘आता बघा हं’ म्हणून सगळ्यांना गप्प बसवलं जातं. ज्याला शांत करायचं, त्याला आधी चेतवायचं, ही या माणसाची पहिली खूण.

बाबांचं निदान असं, की सिंबा खुळा आहे, त्याला टीव्हीतलं आणि खरं यातला फरक कळत नाही. तासाभरापूर्वी हेच गृहस्थ ‘माणसासारखं सगळं समजतं त्याला’ असं शपथेवर सांगत होते, ते सोडून देऊ. पुरावा मात्र सिंबाच्या बाजूने आहे. मराठी वृत्तवाहिन्यांवर जुन्नर-शिरूरकडचा बिबट्या येतो तेव्हा काय घडतं ते पाहा. सीसीटीव्हीतलं धूसर अंगण, कुंपणावरून उतरणारी सावली, तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि ओट्यावर झोपलेला एक कुत्रा. निवेदकाचा घसा बसेपर्यंत हेच दृश्य फिरवून फिरवून दाखवतात. आपल्या जातभाईला उचलून नेणाऱ्या जनावरावर भुंकायचं नाही, तर काय जांभई द्यायची? आणि भुंकल्यावर काय होतं? बिबट्या जातो. दर वेळी जातो. खात्री करून घ्यायला सिंबा टीव्हीच्या मागे शिरतो, सेटटॉप बॉक्सच्या वायरी ओढतो. तिथे धुळीखेरीज कसलाच वास नाही. म्हणजे शत्रू पळाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते हे आपल्याला कळतं, पण फांदी दर वेळी कावळा बसल्यावरच मोडत असेल तर कावळ्याने तरी दुसरं काय समजावं? दारावर येणाऱ्या पोस्टमनवर भुंकणारा कुत्रा याच हिशेबाने पक्का होत जातो. पोस्टमनला पुढच्या घरी जायचंच असतं. कुत्र्याच्या वहीत मात्र तो हाकललेला पोस्टमन असतो.

आता दुसऱ्या कावळ्याकडे वळू. सिंबा भुंकला की बाबा खुर्चीवरून अर्धवट उठतात आणि ओरडतात, ‘सिंबा, नो! नो म्हणजे नो!’ कुत्र्याच्या कानाला यातून एवढंच कळतं, की बाबाही भुंकायला लागले, कुमक आली. तो दुप्पट जोराने भुंकतो. तेवढ्यात जाहिरात लागते, बिबट्याच्या जागी वॉशिंग पावडर येते, सिंबा थांबतो आणि बाबा विजयी मुद्रेने बसतात: ‘माझा आवाज चढला की ऐकतो.’ एका खोलीत, एकाच क्षणी, दोघांनी आपापल्या आवाजाने आपापला बिबट्या पळवलेला असतो. फरक इतकाच, की कार्यक्रमांचं वेळापत्रक कुत्र्याला वाचता येत नाही. ‘पण वर्तमानपत्राची सुरळी दाखवली की तो खरंच गप्प होतो,’ असं यावर कुणी म्हणेल. होतो, घटकाभर होतो. पण त्याच्या लेखी आता बिबट्या आणि सुरळी एकदमच येऊ लागतात. आधी एकच संकट होतं, आता दोन. पुढच्या वेळी अंगणाचं नुसतं दृश्य दिसताच त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात, आणि बाबा म्हणतात, बघा, याला आता आधीच कळतं.

घरातल्या आजोबांचा आक्षेप वेगळा आणि जास्त विचार करण्याजोगा असतो. ‘आमच्या वाड्यातल्या मोतीने टीव्हीकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. ही सगळी हल्लीच्या कुत्र्यांची थेरं.’ मोतीला माजघरात प्रवेश नव्हता हे एक झालं. पण २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून मोतीच्या पिढीने खिडकीतून जे पाहिलं असेल, ते आजोबांनी पाहिलेलं नव्हेच. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला पन्नासदा उजळायचा. माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरतं, चित्र सलग भासतं. कुत्र्याच्या डोळ्याला साधारण सत्तरच्या पुढे वेग लागतो. त्याला तो टीव्ही म्हणजे बिघडलेल्या ट्यूबलाइटची फडफड दिसत असणार. आताच्या सपाट पडद्यावर ती फडफड उरलेली नाही, म्हणून हत्ती हत्तीसारखा चालतो. रंग मात्र कुत्र्याला निळे-पिवळेच नीट कळतात, लाल आणि हिरव्याचा गोंधळ होतो. त्यामुळे बिबट्याभोवतीचं ते लाल वर्तुळ निदान सिंबापुरतं तरी वाया गेलं. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ४५३ कुत्र्यांच्या टीव्ही पाहण्याच्या सवयींची माहिती मिळवून २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. चंचल स्वभावाची कुत्री पडद्यावरच्या हलत्या गोष्टीचा पाठलाग करायला जास्त धावतात. भित्र्या कुत्र्यांना डोअरबेल, हॉर्न असले आवाज इतरांपेक्षा जास्त छळतात. माहिती मालकांनी भरून दिलेली होती, म्हणजे ही सुमारे साडेचारशे सिंबांच्या बाबांची साक्ष आहे, हे ध्यानात ठेवूनही ती उपयोगाची आहे. भुंकतात सगळेच, पण एक शिकारीला निघालेला असतो आणि एक जीव मुठीत धरून बसलेला असतो. सोफ्यामागून भुंकणारा यातला कोणता, हे बाबांनी कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्या मते तो शूर आहे.

उपाय आहे, आणि तो अतिशय कंटाळवाणा आहे. बाबांच्या हातून तो का होत नाही हे समजायला एवढं पुरे. आधी आवाज बंद करून चित्र दाखवायचं, मग चित्र झाकून आवाज ऐकवायचा, म्हणजे दुखणं डोळ्यांचं की कानांचं ते ठरतं. मग फिरवून, दमवून आणलेल्या कुत्र्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर, आवाज न करता, तोच प्राणी दाखवायचा. त्याने पाहिलं, पण भुंकला नाही, की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. प्राणी गेला, चिकन बंद. असं रोज थोडं थोडं. काही दिवसांनी पडदा मोठा, मग अंतर कमी, मग आवाजाची एक रेघ वर. भुंकला तर दोष आपला, आपण घाई केली. एक पायरी मागे यायचं. जोडीला, प्राणी दिसला की कोपऱ्यातल्या सतरंजीवर जाऊन बसायचं हे वेगळं शिकवायचं. यावर बाबांचा आक्षेप तयार असतो: ‘म्हणजे भुंकण्याबद्दल लाच द्यायची?’ लाच खाणारा आधी काम अडवतो, मग हात पुढे करतो. इथे तुकडा भुंकण्याच्या आधी येतो आणि बिबट्याच्या पाठोपाठ येतो. बदलतो तो बिबट्याचा अर्थ. ही युक्ती कुत्र्यांवर येण्यापूर्वी माणसाच्या पोरावर सिद्ध झालेली आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या तीनेक वर्षांच्या पीटरची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा जरा जरा जवळ आणला जायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. भीती घालवायला दटावणीचा काही उपयोग झाला असता, तर जोन्सबाईंनी एवढी खटपट केली नसती.

बाबा हे करतात, पण त्यांच्या पद्धतीने. भुंकून घर डोक्यावर घेतल्यावर ‘घे बाबा, पण गप्प बस’ म्हणून तुकडा फेकतात, आणि हीच ती खरी लाच. तिसऱ्या दिवशी ‘बघू तरी काय फरक पडलाय’ म्हणून पंचावन्न इंची पडद्यावर पूर्ण आवाजात सिंह सोडतात. मग कुणी सुचवतं, टीव्हीच बंद ठेवा की. सूचना चांगली आहे. निम्मा इलाज तोच आहे, कारण शिकवणी चालू असताना मध्येच बातम्यांतली बैलगाडा शर्यत दिसली तर केलं-सवरलं पाण्यात. फक्त ती आजीच्या मालिकेच्या वेळेत पाळून दाखवावी.

तरीही काही घरांत हे जमतं. बहुतेक वेळा ते सिंबाची आई, बाबा ऑफिसला गेल्यावर, कुणाला न सांगता जमवते. मग एखाद्या रविवारी पाहुणे येतात, रिमोट सापडतो, ‘आता बघा हं’ होतं आणि सिंह आयाळ झटकून डरकाळी फोडतो. सिंबा पडद्याकडे एकदा पाहतो, उठतो, सतरंजीवर जाऊन बसतो आणि चिकनच्या आशेने स्वयंपाकघराकडे मान वळवतो. बाबा आवाज वाढवतात. ‘सिंबा, अरे बघ, कोण आलंय बघ!’ पाहुणे सभ्यपणे चहा पितात. दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो: ‘खातो-पितो व्यवस्थित, हो, पोटही साफ आहे. पण कालपासून जरा गप्प गप्पच वाटतोय. रक्त तपासून घ्यायचं का?’