किनवटात कुरिअरनं आलेलं ‘आदिवासी’ तेल

ऐकलंत का? आता किनवटातही ‘आदिवासी तेल’ मागवतात! ज्या गावात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं अख्खं कार्यालय आहे, ज्याच्या बाजाराला गोंड, कोलाम, आंध बायाबापड्या खेड्यापाड्यांतून येतात, तिथं आदिवासींचं तेल येतं कुठून, तर म्हैसूरकडच्या हुणसूरहून! आणि मोहाच्या बियांचं तेल चोपडलेली आपली कोलाम मावशी शेजारून जाते, तिला कुणी विचारत नाही की माय, तू केसाला काय लावतीस. तिच्यामागं कॅमेरा नाही ना.

मोबाईलवर मात्र थाट बघा. ही भली मोठी कढई, खाली जाळ, आत म्हणे १०८ जडीबुटी, आणि कढईभोवती बाप्ये उभे, कंबरेखाली केस सोडून! अवं, आपल्याकडं पोराचे केस कॉलरला टेकले तरी बाप न्हाव्याकडं पिटाळतो. परवा भिशीत ती बाटली हातोहात फिरली. एकीनं झाकण उघडून हुंगलं, म्हणाली, “लय भारी वास!” दुसरी हळूच म्हणाली, “अगं, मला तर एरंडेलच वाटायलंय.” तिला दोघींनी डोळ्यांनीच गप्प केलं. बाटली हजाराच्या घरातली, आणि ज्यांनी मागवली त्या चहा देत होत्या!

तेल करणाऱ्यांना नावं ठेवायला जीभ वळत नाही हो. हुणसूरचे हे हक्की-पिक्की म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगलेला समाज. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, मग जडीबुटी आणि तेलं विकण्यावर पोट आलं. पायपीट तरी किती! २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा तिथं अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातले हे हक्की-पिक्कीही होते. जे सुदानात जाऊन जडीबुटी विकत होते, त्यांना किनवट काय जड?

पण दावा ऐका! म्हणे टकलावर केस उगवतात. औषधांच्या १९४५ च्या नियमांत ‘शेड्यूल जे’ नावाची यादी आहे. त्यातलं काहीही बरं करतो असं औषधवाल्यानं म्हणायचंच नाही. तिथं टक्कल आहे, अकाली पिकणारे केस आहेत, नवे केस उगवणं आहे. आणि त्याच यादीत, कान इकडं करा, औषधानं पोटातल्या गर्भाचं लिंग बदलणंही आहे! काय पण शेजार लाभलाय टकलाला.

“मग आमच्या वैनीचे केस आले ते?” आले की. टायफॉइड होऊ द्या, बाळंतपण होऊ द्या, दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यानं हातात येतात, आणि पुढं काही महिन्यांत बहुतेकींचे आपोआप भरतात. बाटली मागवली जाते ती गळती ऐन भरात असताना. ती संपेस्तोवर केस परतायची वेळ झालेलीच असते. वाहवा मात्र तेलाची! तेलाला गुण नाही असं नाही. खोबरेल केसात मुरतं, धुताना होणारी झीज कमी करतं. पण ते असलेला केस सांभाळतं. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणारा केस एका बाटलीत गुडघ्याला कसा टेकणार, हा हिशेब भिशीत कुणी मांडत नाही.

बुलढाण्याचं तर सगळ्यांना ठाऊक. २०२४ सरताना शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड भागात माणसांची चार दिवसांत टकलं पडायला लागली. लोकांनी आधी शाम्पूला धरलं, मग पाण्याला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर! इलाज डोक्यावर शोधत होते आणि संशय निघाला ताटातल्या पोळीवर.

तेव्हा हौस असेल तर खुशाल चोळा, मालिशनं झोप तरी बरी लागेल. फक्त मागवण्याआधी बाटलीवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का ते बघा. आणि केस खरंच मुठीनं जात असतील तर गोकुंद्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आधी हिमोग्लोबिन तपासा, डॉक्टर म्हणाले तर थायरॉइडही.