जुन्या टेबलाचा जीर्णोद्धार : गृहस्थांसाठी नियमावली

घरातले जुने टेबल घासून पॉलिश करायचे ठरले, की पहिला नियम : वाच्यता करू नये. केल्यास सासरेबुवा मेलामाईन मारायला सांगतील, मेहुणा 'पीयूशिवाय हातच लावू नका' म्हणेल आणि शेजारचे काका 'वर सनमायका ठोकून टाका' असा निकाल देतील. तिघांपुढेही मान डोलवावी.

मग टेबल कशाचे आहे ते पाहावे. 'आजोबांचे आहे' हा लाकडाचा प्रकार नव्हे. खाली वाकून फळीची कड न्याहाळावी. वरच्या रेषा कडेवरही उतरलेल्या दिसल्या तर लाकूड भरीव. वर नुसता कागदासारखा पातळ थर दिसला तर ते विनिअर. त्याची जाडी अनेकदा अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. त्यावर खरखरीत पेपर जोमाने चालवल्यास खालचा प्लायवूड दर्शन देतो आणि काकांचेच खरे होते.

फळीच्या खालच्या बाजूला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, स्पिरिटचा थेंब सोडावा. जागा चिकट झाली तर आधीचे पॉलिश चपड्याचे आहे. ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनच बरेचसे निघते. अर्थात, ज्याला घासण्याचीच हौस आहे त्याने ही माहिती विसरून जावी.

आता पॉलिश पेपर. इथला हिशेब उलटा : नंबर मोठा, तितका कागद बारीक. 80 ने सुरुवात, मग 120, 180 आणि शेवटी 220. 80 वरून थेट 220 वर उडी मारण्याचा मोह प्रत्येक सुशिक्षित माणसाला होतो. 80 ने पाडलेले ओरखडे 220 ला आवरत नाहीत. घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवा हात मारला तर कोऱ्या लाकडावर काही दिसत नाही, म्हणून माणूस खुशीत असतो. पॉलिशचा पहिला हात बसताच ते सगळे ओरखडे हजेरी लावतात. उपाय सोपा आहे. दर नंबराआधी फळीवर पेन्सिलीने हलक्या रेघोट्या माराव्यात आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासावे. संध्याकाळी दिवा बाजूला, फळीच्या पातळीवर धरून पाहावे. वरच्या ट्यूबलाइटखाली सगळीच टेबले गुळगुळीत दिसतात.

फळीवर खड्डा पडला असेल, पण लाकूड तुटलेले नसेल, तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा बराचसा वर येतो. इस्त्री कोणी शोधायच्या आत जागेवर ठेवावी.

मास्क मात्र थट्टेवारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक मानते. काम बाल्कनीत करावे. खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत एवढे आधी बघावे.

चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालावा. हा किड्यांनी झाडावर सोडलेला स्राव असतो, हे घरातल्या सोवळ्या मंडळींना टेबल पूर्ण झाल्यावरच सांगावे. कापसाचा बोळा मऊ सुती कपड्यात गुंडाळून पातळ हात मारावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. स्पिरिट भडकायला निमित्त लागत नाही. पावसाळ्यात तर बोळा हातातच घेऊ नये. दमट हवेत चपड्यावर पांढरट सायीसारखा थर धरतो. म्हणजे काम ऑक्टोबरच्या उन्हात काढावे, नेमके जेव्हा घरात दिवाळीची साफसफाई चालू असते.

टेबल झाल्यावर तपासायला येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर चहाचा कप ठेवतो. गरम कपाने चपड्यावर पांढरी गोल खूण उठते, म्हणून खाली काहीतरी सरकवावे. आणि टेबल खराब होऊ नये म्हणून कोणी प्रेमाने प्लास्टिकचे कव्हर अंथरू लागले तर हात धरावा. ताज्या पॉलिशला प्लास्टिक चिकटते आणि सोलताना पॉलिशही बरोबर घेऊन जाते.