माह्या मनाचे दोन

आमच्या वऱ्हाडात पोत्यात कापूस भरतात, सायकलीत हवा भरतात आणि कॅसेटमध्ये गाणी भरतात. निदान भरत असत. ‘रेकॉर्डिंग’ हा शब्द बंगलेवाल्यांचा. आम्ही वलगावचे पोट्टे परतवाड्याकडून येणाऱ्या एस.टी.ला लोंबकळत अमरावतीला जायचो आणि गाणी भरून आणायचो.

साल १९९०. मी कॉलेजात होतो. गाणी भरायचं कारण आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतं आणि त्या कारणाला दोन वेण्या होत्या.

यादी करायला तीन रात्री लागल्या. कॅसेट सी-६०, म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. पुढं कधीतरी हिशेब केला, तर एका बाजूचं प्रेम साधारण ८६ मीटर भरलं. आमच्या वावरातलं कपाशीचं एक तास जवळपास तेवढंच. एवढ्यात पाच मिनिटांची सहा गाणी बसतात. दोन्ही बाजू मिळून बारा.

क्रम लावणं हे खरं जोखमीचं काम. पहिलंच गाणं उघड प्रेमाचं ठेवलं तर पोट्टी घाबरते आणि भक्तीचं ठेवलं तर तिची माय ऐकत बसते. म्हणून सुरुवातीला ‘उंबरठा’तलं सुरेश भटांचं गाणं ठेवलं. भट जन्मानं अमरावतीचे. सोयरीक जुळवायला जवळचा माणूस मध्ये असलेला बरा. मग ‘मैंने प्यार किया’. पिक्चर १९८९ च्या अगदी शेवटी आलेला, सगळीकडं तोच वाजत होता. त्याचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’पासून नावारूपाला आलेले. शब्द अमरावतीचे, चाल नागपूरची! मुंबईनं फक्त माईक धरला, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

दुकानदारभाऊनं यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“कोनासाठी भरून रायला बे?”

“माह्यासाठीच, भाऊ.”

“सोतासाठी कोनी इतक्या सुवाच्य अक्षरात यादी करत नाही. दहा तुह्या मनाचे भरतो, दोन माह्या मनाचे.”

“पन कोनते?”

“ते तुले आता समजनार नाही. पोट्टीचं लगन दुसरीकडं जमलं का मंग समजन.”

आठ दिवसांनी कॅसेट मिळाली. घरी ऐकली. दोन्ही बाजूंच्या शेवटी मुकेशचं एकेक रडकं गाणं होतं. माझी दहा गाणी हसत-खेळत लग्नाच्या मांडवापर्यंत येत आणि भाऊची दोन गाणी येऊन मांडव मोडून टाकत. तरी मी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या टिकल्या तोडल्या, म्हणजे वर दुसरं काही भरता येऊ नये. कॅसेट कोनाड्यात पंचांगामागं ठेवली आणि हिंमत होण्याची वाट पाहू लागलो. गाणी भरून देणारी दुकानं खूप होती; हिंमत भरून देणारं एकही नव्हतं.

इथं वलगावची एक गोष्ट सांगायला पाहिजे. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो आमच्या गावाशी, पेढी नदीच्या पुलाजवळ. त्यामुळं ती तारीख गावाला पाठ. बाबांचं त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेलं कीर्तन टेपवर उतरवलेलं आहे. त्या कीर्तनाची कॅसेट आमच्या अप्पांना कुणाकडून तरी एका दिवसासाठी मिळाली. अप्पांना उतरवून घ्यायला कॅसेट पाहिजे होती. अप्पांना पंचांगही पाहिजे होतं.

तोडलेल्या टिकल्यांच्या जागी कागदाचे बोळे कोंबले की कॅसेट पुन्हा भरता येते, हे ज्ञान मला वाटलं फक्त आमच्या पिढीला आहे. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून अप्पांनी ए बाजूवर कीर्तन उतरवलं. मध्ये मायनं “दूध उतू गेलं पाहा” म्हटलं, तेही उतरलं. जेवढा भाग मिळाला तेवढा भरला, बटण बंद केलं आणि २० डिसेंबरला कॅसेट कार्यक्रमात नेऊन दिली.

भोंग्यावर कीर्तन लागलं. बाबा लोकांना प्रश्न विचारतात आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेतात. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. मायचं दूध उतू गेलं तेव्हा बायाबापड्या हसल्या. मी मागं उभा होतो. कॅसेट आमच्या कोनाड्यातली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कीर्तन संपलं, लोकांनी हात जोडले, मांडवात शांतता पसरली आणि त्या शांततेत, मधल्याच कडव्यापासून, मुकेश रडू लागला.

माझी पाचही गाणी बाबांच्या झाडूखाली गेली होती. ए बाजूला उरलं होतं ते भाऊच्या मनाचं.

भोंगेवाला चहाला गेलेला. गाणं शेवटपर्यंत वाजलं. अप्पांनी कॅसेट देताना “आमच्या घरची हाय” असं चारचौघांत सांगून ठेवलं होतं, आणि आमच्या घरात रडकी गाणी ऐकण्याच्या वयाचा मी एकटाच. दोन वेण्या बायांच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न दुसरीकडं जमलं. भाऊचं ज्ञान खरं निघालं. बी बाजूचं गाणं मी त्या महिन्यात किती वेळा ऐकलं, ते टेपरेकॉर्डरच्या झिजलेल्या पट्ट्याला विचारा.

बऱ्याच वर्षांनी एका पंगतीत ती भेटली. वांग्याच्या भाजीकडं पाहत म्हणाली, “तुमच्या कॅसेटमंधलं ते गानं सुरुवातीपासून कधी लागलंच नाही.” मी खिशातून मोबाईल काढला. तेवढ्यात बुंदी आली.

आता मोबाईलही माझी गाणी संपली की स्वतःच्या मनाची गाणी लावतो. माल चांगला असतो, पण “कोनासाठी बे?” असं तो विचारत नाही. आणि एखाद्या दुकानात भटांचं ते गाणं लागलं, की ते संपताच मी ‘मैंने प्यार किया’साठी कान टवकारतो. भलतंच लागतं. माझ्या डोक्यातली कॅसेट अप्पांना पुसता आली नाही.

दर २० डिसेंबरला कार्यक्रम होतो. कीर्तन आता पेनड्राइव्हवर आहे, स्वच्छ, दूध उतू न जाता. ते संपतं. लोक हात जोडतात. शांतता पसरते. आणि पुढच्या रांगेतली चार-पाच म्हातारी माणसं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहत बसतात.