तारीख गेली बाप्पा!

अनसिंगसारख्या गावात नवा बँड कानाआधी डोळ्यांना कळतो. वाशीमहून पुसदला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक फ्लेक्स चढतो. मधोमध काळा गॉगल लावलेले मालक, त्यांच्या भोवती बांगडीएवढ्या गोलात एकेक वादक आणि खाली ‘लग्न, बारसे, वाढदिवस, मिरवणूक, उद्घाटन यांच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील’ अशी ग्वाही. अंत्ययात्रा तेवढी वगळलेली. भजनी मंडळाच्या पोटावर पाय नको, एवढाच उदात्त हेतू. कार्डावर हे गृहस्थ ‘प्रो. प्रा.’ असतात, गावात ‘बँडवाले भाऊ’. पहिली सुपारी मिळायच्या आधीच ‘सुप्रसिद्ध’ हे विशेषण त्यांनी स्वतःला बहाल केलेलं असतं, म्हणून गाव त्यांना बढाईखोर समजतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. भाऊ बढाई मारतात हे खरं, पण ती गिऱ्हाइकासाठी नसतेच.

वरवर पाहता पुरावा माझ्या विरुद्ध जातो. भाऊंच्या दुकानात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि लग्नाच्या सगळ्या तिथींना लाल गोल असतो, मग सुपारी असो वा नसो. कोणी चौकशीला आला, की भाऊ पानं उलटतात, कपाळाला आठ्या घालतात आणि म्हणतात, “तारीख गेली बाप्पा! पण पाहतो काही जमते काय.” इसार घेतल्यावर जी पावती फाडतात, तिचा नंबर दोनशे एकच्या पुढचा; एक नंबरची पावती पाहून कोणाचा विश्वास बसणार? पण मुलीचा बाप यातलं काहीच पाहत नसतो. तो व्याह्याला विचारतो, मेहुण्याला विचारतो आणि मागच्या लग्नात जो बँड वाजला तोच सांगून मोकळा होतो. बँड हा असा धंदा आहे, की त्याचा मालच त्याची जाहिरात असते. परण्या निघाला की दोन्हीकडच्या ओट्यांवर पुढच्या वर्षीचे वरबाप उभे असतात. तिथे चांगलं वाजलं तर फ्लेक्स लागत नाही, वाईट वाजलं तर फ्लेक्स पुरत नाही. शिवाय सुरांवरून एक बँड दुसऱ्यापासून वेगळा काढायचा म्हटलं, तर तेही अवघड. १९५४च्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजींनी क्लेव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, आज प्रत्येक गावचा क्लॅरिनेटवाला तीच धून काढतो आणि प्रत्येक गावातला नवरदेवाचा मित्र तोंडात रुमाल धरून तसाच लोळतो.

मग हा खटाटोप कोणासाठी? उत्तर पंचांगात आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि मुहूर्त थांबतात. तुळशीचं लग्न लागलं की ते पुन्हा सुरू होतात. सोयाबीन विकून हातात पैसा येतो, तोही याच सुमारास. त्यातून धनुर्मास, गुरु-शुक्राचे अस्त वजा केले, की उरलेल्या तिथींवर अख्खा जिल्हा एकदम बोहल्यावर चढतो. अशा मोठ्या तिथीला सुपाऱ्या भरपूर असतात. टंचाई असते ती वाजवणाऱ्यांची. बरा क्लॅरिनेटवाला एक आणि त्याच्यावर टपलेले बँड तीन. चार पैसे जास्त मिळाले की ऐन वरातीच्या सकाळी तो पुसदच्या एसटीत बसतो आणि इकडे भाऊंच्या पथकात नुसता ढोल उरतो. म्हणून फ्लेक्सवर वादकांचे फोटो, म्हणून सोनेरी गोंड्यांचे लाल कोट, म्हणून एकेकाच्या नावापुढे ‘मास्टर’. ज्याचा चेहरा चौकात झळकतो, त्याला दुसऱ्याचा कोट घालायची जरा लाज वाटते. तरीही एखादा फुटलाच, तर भाऊ त्याच्या गोलावर नव्या माणसाचा फोटो चिकटवतात. जाहिरात गिऱ्हाइकासाठी असती, तर तेवढ्यासाठी शिडी लावायची गरज नव्हती. लाल गोलांचं कालनिर्णयही वादकांच्या बाकासमोरच टांगलेलं असतं. मोसम भरगच्च आहे, इथेच थांबा, असं ते दिवसभर सांगत असतं.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या काळाचं झालं. आता रील टाकली की परजिल्ह्यातून फोन येतात. येतात ना! पण तो फोन ‘किती घेता?’ इथे सुरू होतो आणि आकडा ऐकला की ‘घरी विचारून सांगतो’ इथे संपतो. घरी विचारतात म्हणजे पुन्हा त्या मेहुण्यालाच विचारतात. मात्र रील पहिल्यांदा कोण पाहतं? ताशेवाल्याची बायको, तिचा भाऊ, त्याच्या गावची पोरं. सासरवाडीत ताशेवाल्याची कॉलर ताठ झाली, की त्याचा एक मोसम भाऊंच्या खात्यावर जमा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढा जाच कशाला, सरळ डीजे घ्यावा. पेट्या रुसत नाहीत, जेवण मागत नाहीत आणि पळून जायचं म्हटलं तरी त्यांना गाडी लागते. पण डीजेवाल्याचा फ्लेक्स नीट बघा. त्यावर मालक असतो, गाडी असते, पेट्यांचा ढीग असतो. पेट्यांचे गोल फोटो, त्यांना कोट आणि ‘मास्टर’ ही पदवी मात्र नसते. ज्याला माणसं सांभाळायची नाहीत, त्याला हा थाट लागत नाही. आक्षेप म्हणून आणलेला डीजे असा माझाच साक्षीदार निघतो. रात्री दहाचा नियम तर दोघांनाही सारखाच आहे.

तेव्हा भाऊंना थापाडे म्हणण्याआधी त्यांच्या थापांचा हिशेब मांडावा. खोट्या नंबरच्या पावतीने गावात कोणी फसलेलं नाही. दोनशे लग्नं झाली असती तर ती गावाने जेवली असती. पण त्याच पावतीपुस्तकाच्या भरवशावर दहा-अकरा माणसं रिकाम्या मार्गशीर्षातही दुसऱ्याच्या दारात गेली नाहीत, तर तेवढं खोटं धंद्याच्या भांडवलात धरायला हरकत नाही. बँकेने दुसरं भांडवल देऊ केलं असतं, तर भाऊंनी तेही घेतलंच असतं.